नवापूरच्या वाटेवरील चुनेगच्ची आणि जीर्णोद्धाराचा चुना

सुरत बंदरांतून बऱ्हाणपुराकडे व तेथून पुढें आग्र्याकडे जाणारा जो जुना व्यापारी मार्ग, त्यावर नवापूर हें एक मुक्कामाचें ठिकाण होतें. सतराव्या शतकांत या मार्गानें गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याचा प्रवासवृत्तांत १६७६ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. त्यांत बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या टप्प्यांची नोंद आहे. नवापूर हें मोठें गांव असून तेथें विणकरांची वस्ती आहे. परंतु मुख्य व्यापार तांदुळाचा. त्याचा दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा व कस्तुरीच्या वासाचा असून उमराव लोक तोच खातात, असें तो सांगतो. गांवाजवळून वाहणारी जी नदी तो वर्णितो, ती रंगावलीच होय. वालोड व नवापूर यांमधील मजल लांब पडे आणि त्या सरहद्दीवरील राजे काफिल्यांस उपद्रव देत, म्हणून बेगमसाहेब म्हणजे शहाजहानची कन्या जहानआरा हिनें मध्यें एक सराई बांधविली, हेंही त्यानेंच लिहून ठेविलें आहे.

या नोंदीकडे इतिहासाच्या अभ्यासकांचें लक्ष आजवर व्यापाराच्या दृष्टीनें गेलें. आम्हांस येथें तिचा उपयोग निराळ्या कारणासाठीं करावयाचा आहे. सराया, किल्ले, कबरी, विहिरी, घाट, वाडे अशी जी बांधकामें या वाटेच्या दोहों बाजूंस उभीं राहिलीं, त्यांचें आजचें जीवित एका पदार्थावर अवलंबून आहे. तो पदार्थ म्हणजे चुना. या इमारतींची दुरुस्ती कशानें करावी, हा प्रश्न वरवर गवंड्याचा दिसतो. वस्तुतः तो इतिहाससंशोधकाचाही आहे, आणि त्याचें उत्तर कांहीं अंशीं जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांच्या घरांत पडून आहे, असें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

१. नवापूर हा मुलूख सागवानाचा व बांबूचा. येथील मावची, गावीत, भिल्ल, कोंकणी इत्यादि आदिवासी समाजांचें घर लांकडी खांबांचें, कुडाच्या भिंतींचें आणि शेणमातीनें सारविलेलें. त्यांत चुन्याचा संबंध नव्हता व त्याची गरजही नव्हती. नवापूर सोडून पूर्वेस तापीच्या खोऱ्यांत उतरलें म्हणजे अरण्य विरळ होतें, पाऊस कमी होतो, आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींचीं धाब्याचीं घरें लागतात. चुना या दोहोंच्या वरचा. तो राजसत्तेबरोबर व व्यापाराबरोबर आला. थाळनेर येथें फारुकी घराण्याच्या कबरी आहेत. मलिक राजा याला १३७० च्या सुमारास फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेर व करवंद हा प्रदेश मिळाला. तो १३९९ त वारला व थाळनेरासच पुरला गेला. नवापुराच्या पश्चिमेस सोनगड. तो किल्ला १७१९ त पिलाजी गायकवाडानें घेतला व गायकवाडांच्या सत्तेचें तें पहिलें ठाणें झालें. एका घराण्याचा उदय व दुसऱ्याचा उदय यांच्या मधलीं सुमारें साडेतीनशें वर्षें या वाटेवर गवंडी काम करीत होते. राजे बदलले, भाषा बदलल्या; घाणीचें चाक मात्र तेंच राहिलें.

२. दक्षिणेंतील काळ्या दगडाच्या प्रदेशांत शुद्ध चुन्याच्या दगडाचे डोंगर नाहींत. निसर्गानें त्याची भरपाई निराळ्या रीतीनें केली आहे. काळ्या मातींत, नाल्यांच्या कडांना व नदीकांठच्या दरडींत चुनखडीचे ओबडधोबड खडे सांपडतात. यांसच कंकर म्हणतात. कोंकणांत समुद्र शिंपले देतो. देशावर व खानदेशांत जमीन कंकर देते. दोहोंपासून चुना होतो, पण तो एकाच गुणाचा नव्हे. शिंपल्याचा चुना जवळजवळ शुद्ध, पांढराशुभ्र व लुसलुशीत. तो हवेंतील वायु शोषूनच घट्ट होतो, म्हणून जाड भिंतीच्या पोटांत तो वर्षानुवर्षें ओला राहूं शकतो. कंकरांत मूळचीच माती मिसळलेली असते. ती भाजली गेली म्हणजे चुन्याशीं संयोग पावते, आणि असा चुना पाण्यांतही धरतो. इंग्लंडांत जॉन स्मीटन यानें १७५६ नंतर एडिस्टनच्या दीपगृहासाठीं प्रयोग करून हेंच तत्त्व शोधून काढिलें, कीं ज्या चुनखडीत माती असते तिचाच चुना पाण्याखालीं टिकतो. जेथें असा चुना मिळत नसे, तेथें आपले गवंडी विटांची भुकटी म्हणजे सुरकी मिसळून तोच गुण आणीत.

याची क्रिया अशी. शुद्ध चुनखडी सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजली असतां तिच्या १०० भार भागांतून ४४ भाग कर्बाम्लवायु निघून जातो व ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलें कीं तो तापतो, फुलतो व विरतो. विरलेला चुना वाळू व सुरकी यांसह बैलांच्या घाणींत मळला जातो. भिंतींत गेल्यावर तो हवेंतील तोच कर्बाम्लवायु हळूहळू परत घेतो व पुनः चुनखडी बनतो. म्हणजे जो दगड भट्टींत गेला, तोच फिरून भिंतींत दगड होतो. ही गति मंद आहे. या मंदपणांतच तिचा गुण आहे. कारण भिंत खचली, हलली, तरी चुना कांहीं काळ तिच्याबरोबर वळतो, आणि बारीक भेगांतून झिरपणारें पाणी चुना विरघळवून पुनः त्याच भेगांत बसवितें.

३. ग्रंथांतून या विद्येचा माग काढतां येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. कच्चें टेंभुर्णीचें फळ, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, धामणीची साल व वेखंड यांचा काढा एक अष्टमांश उरेपर्यंत आटवून त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादि द्रव्यें मिसळण्याचा तो विधि आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत चित्रांसाठीं भिंत तयार करण्याचा विधि असून म्हशीचें कातडें लोण्याइतकें मऊ होईपर्यंत शिजवून केलेल्या सरसास तेथें वज्रलेप म्हटलें आहे. नांव एक, पदार्थ दोन; यावरून ‘वज्रलेप’ हा शब्द एखाद्या कागदांत आढळतांच त्याचा अर्थ ठरवून टाकणें किती धोक्याचें आहे, हें संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावें. गवंड्यांच्या तोंडीं राहिलेली परंपरा याहून साधी आहे: गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी, उडीद, ताग. गुळानें चुना पाण्यांत अधिक विरघळतो व मळण्यास मऊ होतो. प्रमाणाबाहेर गेल्यास तो धरण्यास उशीर लागतो. तागानें गिलाव्याच्या भेगा आवरतात. यांत जादू कांहीं नाहीं. प्रत्येक द्रव्याचें काम निराळें आहे, व तें काम नसेल तेथें त्या द्रव्याचीही गरज नाहीं.

मराठी राज्यांतील कागद याहून मोलाचे आहेत, कारण ते शास्त्र सांगत नाहींत, खर्च सांगतात. शिवछत्रपतींनीं १६७१-७२ च्या सुमारास किल्ल्यांच्या इमारतींसाठीं एकूण १,७५,००० होनांची तरतूद केल्याचा जाबता प्रसिद्ध आहे. त्यांत एकट्या रायगडास ५०,००० आणि सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर व राजगड यांस प्रत्येकीं १०,००० होन नेमलेले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरणांत तटावर वाढणारा झाडझाडोरा वरचेवर काढीत जावा, असा दंडक आहे. तो जुन्या इमारतीच्या रक्षणाचा पहिला नियम होय, आणि आजही त्यांत बदल करण्याजोगें कांहीं नाहीं. कारण पिंपळाचें मूळ एकदां दरजेंत शिरलें कीं मग चुना कोणताही असो, तो हरतो. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या १० जानेवारीस घातला गेला, १७३२ च्या २२ जानेवारीस वास्तुशांति झाली व खर्च १६,११० रुपये आला, हें सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्या रकमेंत भट्टीचें सरपण किती, चुनखडीची वाहतूक किती, घाणीचे बैल किती, असा प्रश्न विचारणारे विरळा. आंकड्याची बेरीज इतिहासांत गेली. बेरजेंतील रकमा रुमालांत राहिल्या.

४. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ त घेतलें. हिंदुस्थानांत मद्रास येथें १९०४ त त्याचा प्रयत्न झाला व पोरबंदरच्या कारखान्यानें १९१४ त या धंद्याची खरी सुरुवात केली. अर्थात् त्यापूर्वींची या प्रांतांतील जवळजवळ प्रत्येक पक्की इमारत चुन्याची आहे, असें समजून चालण्यास हरकत नाहीं. पुढें सिमेंट स्वस्त झालें, पिशवींत मिळूं लागलें व एका दिवसांत घट्ट होऊं लागलें. भट्टी थंड झाली, घाणीचा दगड उकिरड्यावर गेला, आणि ज्या लोणारी व गवंडी घराण्यांत ही विद्या होती त्यांच्या मुलांनीं दुसरे उद्योग धरिले. यांत त्यांचा दोष नाहीं.

नव्या इमारतीला सिमेंट लावूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तक्रार आहे ती जुन्या भिंतीवर त्याचा लेप देण्याविषयीं. जुनी भिंत म्हणजे बाहेरून व आंतून घडीव दगड किंवा वीट, आणि पोटांत चुना, माती व खडी यांची भर. ती पावसाळ्यांत पाणी पिते व उन्हाळ्यांत तें दरजांतून सोडते. सिमेंटानें या दरजा बुजविल्या कीं पाणी आंत जाण्याच्या वाटा कोठें ना कोठें राहतातच, बाहेर पडण्याच्या मात्र बंद होतात. मग तें पाणी विटेंतून वा मऊ दगडांतून बाहेर पडूं पाहतें, आपल्याबरोबर क्षार आणतें, ते पृष्ठभागाखालीं स्फटिक होऊन फुगतात, आणि विटेचे पापुद्रे निघूं लागतात. दरज शाबूत, वीट नष्ट, असा विपरीत देखावा दिसतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर हा लेप दिल्यास परिणाम याहून लवकर होतो. लेप फळीसारखा उभा राहतो व त्यामागील भिंत आंतल्या आंत विरते. नवापुराकडे पाऊस धुळ्याहून पुष्कळ अधिक, म्हणून तेथें ही हानि विशेष.

येथें एक आक्षेप येईल. जंजिऱ्यासमोरील पद्मदुर्गाच्या पडकोटांत समुद्राच्या माऱ्यानें दगड झिजून आंत गेले आहेत व त्यांमधील चुना पुढें आलेला स्पष्ट दिसतो. शिवकालीन चुन्याच्या थोरवीचा पुरावा म्हणून हें उदाहरण नेहमीं दिलें जातें, व तें खरेंही आहे. परंतु दुरुस्ती करणाऱ्यानें त्यावरून दुसराही बोध घ्यावा. जेथें सांधा दगडाहून चिवट असतो तेथें झीज दगडास सोसावी लागते. समुद्राच्या लाटांत ज्यांनीं तो कोट उभारला त्यांस घट्ट चुना हवाच होता. पण थाळनेरच्या कोरीव कबरीवर जर सांधा टिकला व नक्षी गेली, तर आपण काय वांचविलें? सांधा पुनः भरतां येतो. अक्षर पुनः कोरतां येत नाहीं. म्हणून जीर्णोद्धाराचा चुना मूळच्या दगडाहून मऊ असावा आणि त्यानें आपण झिजून दगडास राखावें, हा नियम होय.

हा धडा केवळ आपल्यालाच शिकावा लागला असें नाहीं. १९३१ च्या अथेन्स येथील परिषदेनें जुन्या इमारतींच्या दुरुस्तींत नव्या साधनांचा, विशेषतः लोखंडी सळ्या घातलेल्या सिमेंटाचा, विचारपूर्वक उपयोग मान्य केला होता. त्याच अथेन्सच्या अक्रोपोलिसवर दुरुस्तींत घातलेलें लोखंड गंजून फुगलें, संगमरवर फुटला, व तीं दुरुस्तीचीं कामें पुढें उकलावीं लागलीं. आपल्याकडे सर जॉन मार्शल यांनीं १९२३ त प्रसिद्ध केलेल्या संरक्षणविषयक नियमपुस्तकांत नवें करण्यापेक्षां आहे तें राखणें हेंच धोरण सांगितलें आहे.

५. मग करावें काय? प्रथम परीक्षा. जुन्या दरजेंतील, पावसापासून सुरक्षित अशा जागेचा लहानसा खडा घेऊन तोलावा. सौम्य मीठतेजाबांत टाकला असतां चुना विरघळतो व वाळू आणि सुरकी उरते. ती धुऊन, वाळवून पुनः तोलावी, म्हणजे प्रमाण कळतें. उरलेल्या कणांचा रंग व आकार पाहून वाळू कोणत्या नदीची याचाही तर्क होतो. मात्र वाळूंतच कंकराचे कण असल्यास तेही विरघळतात व चुना खऱ्याहून अधिक भासतो, हें विसरूं नये. त्यानंतर ढिली झालेली भर हातहत्यारांनीं खरडून काढावी, यंत्रानें कापूं नये. भिंत पाण्यानें भिजवावी, पोकळींत पातळ चुना ओतावा, दरजा दाबून भराव्या व दगडाच्या कडेपासून किंचित् आंत ठेवाव्या. एक भाग चुना, एक भाग सुरकी व एक भाग वाळू हें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं चालतें; परंतु मूळच्या भिंतीची परीक्षा याहून मोठा अधिकारी. नवें काम गोणपाटाखालीं अनेक दिवस ओलें ठेवावें. ऐन पावसांत व वैशाखांत हें काम करूं नये. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम.

आणि जेथें मुळांत चुना नव्हता, तेथें तोही घालूं नये. साक्री तालुक्यांतील बळसाणें येथील देवळें हेमाडपंती पद्धतीचीं, घडीव दगड एकावर एक बसवून सांधलेलीं. त्यांच्या सांध्यांत चुना भरणें म्हणजे लेखकानें सोडलेली कोरी जागा आपल्या हातानें लिहून काढण्यासारखें आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा दृष्टांत पटेल. कसरीनें खाल्लेल्या पोथीवर आपण जाड पुठ्ठा डकवीत नाहीं. तिच्याच जातीचा पातळ कागद, खळीनें, पुनः काढतां येईल असा लावतों. इमारतीचाही न्याय हाच.

६. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानें व १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें संरक्षित झालेल्या वास्तूंस निदान पालक आहे. परंतु नवापूर, नंदुरबार, तळोदें, शहादें या भागांतील जुने वाडे, विहिरी, गढ्या, देवळें, मशिदी व कबरी यांपैकीं बहुतेकांस मालक किंवा पंच एवढाच आधार. गांवकरी वर्गणी काढतात, श्रद्धेनें काम करवितात, आणि त्या श्रद्धेच्याच भरांत जुना गिलावा खरवडून सिमेंट व तेलरंग लावितात. गिलाव्याखालीं चित्र होतें कीं अक्षर होतें, हें पाहण्यास त्या दिवशीं कोणी नसतें. कागद जळाला तर हळहळणारे आपण, भिंतीवरील लेख खरवडला गेला तर तो जीर्णोद्धार समजून स्वस्थ बसतों. संशोधक त्या गांवीं सनदेच्या शोधार्थ जातोच; त्यानें पंचांजवळ दोन शब्द बोलावे, खरवडण्यापूर्वीं भिंतीचें छायाचित्र घ्यावें, व गिलाव्याचा एक तुकडा ठिकाण आणि दिनांक लिहून जपून ठेवावा. एवढ्यानेंही पुष्कळ साधेल.

याहून महत्त्वाची गोष्ट संग्राहकांच्या हातीं आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापण्यास आरंभ केला, १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, व १९२६ च्या अखेरीस धुळ्यास देह ठेविला. त्यांच्या मागून दप्तरें धुंडाळणाऱ्या पिढ्यांनीं स्वाभाविकपणेंच राजकारणाचीं पत्रें, सनदा, महजर व वंशावळी आधीं उचलल्या. इमारतखर्चाच्या याद्या, कीर्दी, रोजमुऱ्याचे कागद, घाटाचे व विहिरीचे हिशेब हे किरकोळ म्हणून मागें पडले. कित्येक ठिकाणीं रुमालाचें ओझें कमी करण्यासाठीं तेच प्रथम टाकले गेले. आज चुन्याची विद्या हातांतून गेली असतां तेच किरकोळ कागद मुख्य ठरले आहेत. चुनखडी कोणत्या शिवारांतून आली, भट्टीस लांकूड लागलें कीं कोळसा, घाणी किती दिवस चालली, गूळ व हिरडा किती मण, गवंड्याचा रोज काय व बिगाऱ्याचा काय, हें असल्या एखाद्या मोडी यादींत मिळालें तर त्या गांवच्या वाड्याची दुरुस्ती अंदाजानें न होतां आधारानें होईल. आणि शिवार कळल्यास कंकरही बहुधा तेथेंच सांपडेल, कारण जमीन आपलें ठिकाण सोडीत नाहीं.

म्हणून ज्या वाचकांजवळ खानदेशांतील देशमुख, देशपांडे, इनामदार, सावकार वा देवस्थानें यांचीं दप्तरें असतील, त्यांनीं तीं या दृष्टीनें पुनः एकवार उघडावीं, असें आमचें सुचविणें आहे. इमारतीच्या प्रत्येक यादीची नक्कल मूळ शब्दांनिशीं, मापांनिशीं व आंकड्यांनिशीं करावी. खंडी, मण, शेर यांचें आजच्या मापांत रूपांतर करावयाचें तर तें निराळें द्यावें. ज्या वास्तूची ती यादी, ती उभी असल्यास तिच्या दरजेचा नमुना यादीशेजारीं यावा. कागद आणि भिंत हीं एकमेकांचीं साक्षीदार आहेत, आणि दोन्ही एकाच वेळीं हयात असण्याचा काळ फार उरलेला नाहीं. ताव्हर्नियेनें ज्या तांदुळाचा सुगंध लिहून ठेविला, त्याची साक्ष आतां त्याच्या पुस्तकांतच आहे. चुन्याची साक्ष अजून भिंतींत आहे, आणि ती सिमेंटाखालीं जाण्यापूर्वीं घेतली पाहिजे.